तेलानं पत्करलेले हात

कुंभकोणच्या त्या घरात सुनेचे तळहात पहिल्यांदा फाटले की पुरणाची पोळी करत. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, वाटू दे बापडं; घरातल्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं. तळव्यांना भेगा पडल्या, कातडी सोलवटली, बोटांच्या पेरांतून लस आली की सासू सुनेला पाटावर बसवायची, तिच्या ओटीत रेशमी लुगडं घालायची आणि म्हणायची, तेलानं तुला पत्करलं. त्या दिवसापासून ती घरची खरी सून. तोवर नुसती लग्न करून आणलेली.

भागीरथीला तेलानं पहिल्याच वर्षी पत्करलं होतं. आता ती साठीला आली होती आणि एवढ्या वर्षांत एकही साल असं गेलं नव्हतं की तिचे हात फाटले नाहीत.

तेल सांध्यांचं. या घराचा मूळ पुरुष तंजावरच्या दरबारी तालीमखान्यावर होता आणि पैलवानांचे खांदे-गुडघे चोळायला हे तेल घरी काढायचा, असं सांगतात. राजे गेले, तालीमखाना गेला, पैलवानही गेले. तेल तेवढं राहिलं. तिळाच्या तेलात कोष्ठ नावाची मुळी, डोंगराकडून येणारी, वासानं घर भरून टाकणारी, आणि सोबत आणखी पाच-सात जिन्नस. वर्षातून एकदा, रथसप्तमीला, परसात चूल मांडून उरळीत, म्हणजे तिकडच्या त्या पसरट पितळी भांड्यात, ते कढवायचं. आडुतुरैचे शेतात वाकून वाकून कमरेतून गेलेले शेतकरी, पट्टीश्वरमचे देवळापुढे दिवसभर उभे राहणारे फुलवाले, सगळे येऊन बाटली घेऊन जायचे आणि गुणही यायचा. भागीरथीचे यजमान व्यंकोजी वीजमंडळातून निवृत्त झाले होते. पण गावात कुणी त्यांना वीजमंडळावरून ओळखत नसे, तेलवाले मराठे म्हणूनच ओळखत.

आता हे हात फाटण्याचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. तेल झालं की नाही हे घड्याळावर कळत नाही. मुळ्यांचा वाटलेला लगदा तेलात शिजत असतो. त्यातला चिमूटभर काढून बोटांवर वळायचा. चिकटला तर कच्चा. भुगा झाला तर करपला, मग सगळी उरळी वाया. लोण्यासारखी मऊ, न तुटणारी वात वळली की लगेच उतरवायचं. शेवटच्या तासा-दोन तासांत हे पुन्हा पुन्हा करावं लागतं, आणि उघड्या बोटांनीच. ते काम घरच्या सुनेचं. तिनं आधी लगदा कालवायचाही हातानंच, कोपरापर्यंत.

लोक म्हणत सोपं आहे. एका वर्षी भागीरथी नुकती बाळंतीण झालेली, लगदा तिनं कालवला पण वाती वळायला चुलीपाशी बसवेना, म्हणून व्यंकोजींनी हात घातला, तर सगळं तेल करपून गेलं आणि घरात आठवडाभर कुणी कुणाशी धड बोललं नाही. त्या वर्षी थोरली जाऊ वाणी तिथंच परसात बाळाची दुपटी धूत होती. तिला मात्र कुणी हाक मारली नाही.

कारण वाणीला तेलानं नाकारलं होतं. वाणी थोरल्या सुब्रह्मण्यांची बायको. शिकलेली, गळ्यात सूर असलेली, पाहताक्षणी डोळ्यांत भरावी अशी. तिनं लागोपाठ तीन वर्षं वाती वळल्या, तेलही उत्तम झालं, पण हातांना काही म्हणता काही झालं नाही. तळवे जसेच्या तसे, सोललेल्या बटाट्यासारखे नितळ. पहिल्या वर्षी सासू सरोजाबाई म्हणाल्या, होईल. दुसऱ्या वर्षी गप्प राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की हिच्या मनात खोट आहे. काय खोट, कसली खोट, कुणी विचारलं नाही. सरोजाबाईंना विचारायची छाती कुणाची होती म्हणा. मग मन्नारगुडीच्या गरिबाघरची भागीरथी धाकटी सून होऊन आली, तिनं लगद्यात हात घातला आणि चारच दिवसांत तिचे तळवे लालबुंद होऊन फाटले. पुरणपोळ्या झाल्या. वाणीनंच लाटल्या.

पुढं सुब्रह्मण्यांनी तिरुवलंचुळीला वेगळं बिऱ्हाड केलं. ते वारल्यालाही आता काही वर्षं झाली. वाणी अजून दर रथसप्तमीला बसनं यायची, दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसायची, जेवायची आणि परतायची. तेल कढत असताना ती परसात पाऊल टाकत नसे. टाकू नकोस असं कुणी म्हणत नसे, ये असंही कुणी म्हणत नसे.

तर या वर्षी घरात एकच प्रश्न होता: लगद्यात हात कोण घालणार? भागीरथीच्या हातांनी यंदा कहर केला होता. दर साली उन्हाळा संपेतो भेगा भरून यायच्या. या खेपेला दिवाळी गेली तरी भरल्या नाहीत. वर मानेवर आणि कोपरांच्या आत नवेच चट्टे उठले. शुक्रवारी देवीला शेवंतीचा हार गुंफला की रात्रभर आग आग. फाटक्या हातांमुळं चमच्यानं भात खायची तिला सवय होती, पण आता चमचाही धरवेना.

सून कविता तयार होती. ती मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. नवरा जयकुमार चेन्नईला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. पोरगी हुशार, बोलायला गोड, पण भागीरथीला तिच्यात एक कमी वाटे: अजून तिचे हात फाटायचे होते. खोटं कशाला सांगायचं, भागीरथी त्याची वाटच बघत होती. तिरुभुवनमहून कवितासाठी तिनं मोरपंखी रेशमी साडी आणून ठेवली होती. कधी एकदा पोरीच्या तळव्यांना भेग पडते आणि कधी एकदा आपण सासू म्हणून तिच्या ओटीत ही साडी घालतो, असं तिला झालं होतं. यात तिला दुष्टपणा दिसत नव्हता. स्वतःला आयुष्यात जो एकच मान मिळाला तो पुढं द्यावा, एवढंच तिच्या मनात होतं.

कवितानं मात्र हट्ट धरला की आधी हात डॉक्टरला दाखवायचे. भागीरथी नाही नाही म्हणत गेली. कातडीच्या डॉक्टर श्रीदेवी तरुण होत्या. त्यांनी तमिळमध्ये बरंच काही विचारलं, हात उलटेपालटे करून पाहिले आणि घरातली ती मुळी आणायला सांगितली. मग भागीरथीच्या पाठीवर बारीक बारीक टिकल्यांच्या पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक टिकलीखाली वेगळा पदार्थ. दोन दिवस अंघोळ नाही, पाठ भिजवायची नाही. भागीरथीनं घरी येऊन कविताला ऐकवलं की आमच्या सासूबाईंनी नुसता हात हातात घेतला आणि निदान केलं, त्यांना असली गोंदाची कागदं लागली नाहीत.

पट्ट्या निघाल्या तेव्हा दोन टिकल्यांच्या जागी पाठ टरारून सुजली होती. एक कोष्ठाची. दुसऱ्या टिकलीत कोष्ठात असतात तसल्या द्रव्यांचं मिश्रण होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या अंगाला हे सोसत नाही, फार वर्षांपासून सोसत नसणार. मलम देते, भेगा भरतील. पण ही मुळी, शेवंती आणि रस्त्याकडेचं ते गाजरगवत, यांना पुन्हा हात लावायचा नाही. जन्मभर नाही.

भागीरथीनं विचारलं, शेवंतीचा आणि तेलाचा काय संबंध? तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कविताकडे पाहिलं, कारण बाहेर रांग लागली होती.

कवितानं ते घरी परतल्यावर, कॉफीचे पेले समोर ठेवून सांगितलं. व्यंकोजीही ऐकत बसले. ती म्हणाली, झाडाला पळता येत नाही, म्हणून कीड खाऊ नये, जनावर खाऊ नये यासाठी ते अंगातच कडू-उग्र द्रव्यं तयार करतं. त्या द्रव्यांचं एक भलं मोठं गोत्र आहे, सेस्क्विटर्पीन नावाचं. पंधरा कार्बनच्या सांगाड्यावर रचलेलं. गोत्र म्हटल्यावर भागीरथी जरा सावरून बसली, कारण गोत्र म्हणजे काय हे कुणी तिला शिकवायला नको होतं. चंदनाचा वास या गोत्रातला, वाळ्याचा वास या गोत्रातला, देवाला वाहतो त्या दवण्याचाही. दवण्याच्याच एका लांबच्या भावापासून हिवतापाचं औषध निघतं, त्यानं लाखो माणसं वाचली. तेही याच गोत्राचं. कोष्ठात, शेवंतीत, गाजरगवतात या गोत्राची एक तिखट शाखा आहे. कोष्ठातली द्रव्यं सूज उतरवतात, असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

"म्हणजे आपलं तेल खोटं नाही," व्यंकोजी म्हणाले आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

नाही मामंजी, कविता म्हणाली, तेल खोटं नाही. पण तीच द्रव्यं कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना घट्ट चिकटतात. काही माणसांच्या अंगाला मग ते परकं वाटतं. अंग एकदा का त्यांना शत्रू म्हणून ओळखायला लागलं की विसरत नाही. दर वेळी भांडण जास्तच पेटतं. कोपरापर्यंत हात लगद्यात घालायचा, तोही वर्षानुवर्षं, म्हणजे तर अंगाला ती ओळख करून द्यायचीच झाली. गुडघ्याला तेल लावणाऱ्यांतही एखाद्याला पुरळ येत असेल. यापुढं आधी कोपराजवळ थेंबभर लावून दोन दिवस वाट बघा असं सांगायला हवं. व्यंकोजींना तसे दोघं-तिघं आठवले. त्यांना त्यांनी अंगातली उष्णता बाहेर पडतेय असं सांगून परत पाठवलं होतं. 

भागीरथीनं विचारलं, "सगळ्यांना का होत नाही मग?"

"ज्याचं त्याचं अंग, आत्याबाई. होत नाही ते नशीबवान."

भागीरथीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. आपटतानाही हात दुखत होते, त्यानं आणखी चिडली. पोरीनं काय सांगितलं, तर जन्मभर तू जी मिरवत आलीस ती नुसती खरूज. तेलानं पत्करलं नाही, देवीनं खूण केली नाही, कुणी काही केलं नाही. अंगाला सोसलं नाही, एवढंच. जयकुमार जन्मला तेव्हा तिच्या हातांना साबण लागला की जीव जायचा. पहिले कित्येक महिने पोटच्या पोराला तिनं आपल्या हातानं न्हाऊ घातलं नव्हतं. पोर पायांवर घेऊन न्हाऊ घालायची वाणी, आपल्या धडधाकट हातांनी, आणि भागीरथी उंबऱ्यात बसून बघायची. तेव्हा रडू येई. पण सरोजाबाई म्हणत, मान फुकट मिळत नाही बयो, आणि त्यानं तिचं मन भरून यायचं. तो मान नव्हता तर मग ते महिने कशापायी गेले? याचं उत्तर कविताच्या पंधरा कार्बनांजवळही नसणार.

पुढचे काही दिवस तिनं कविताशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मलम मात्र लावत होती, कारण आग खरोखरच कमी होत होती. अंगठ्याखालची सगळ्यांत जुनी भेग भरत आली तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. व्यंकोजींनी एकदा विषय काढला. त्यांचं म्हणणं, डॉक्टर म्हणते तर भागीरथीनं हात घालू नये हे ठीक, पण कवितानं घालावा. तिला सोसतं की नाही ते कुठं कळलंय? सोसलं तर प्रश्नच नाही, नाही सोसलं तर मग पुढच्या वर्षी बघू. कविता म्हणाली, चालेल, एकदा घालून बघते. तिलाही घरची रीत आपल्यापाशी येऊन तुटावी असं वाटत नव्हतं. घरात सगळे समंजस असले की कधी कधी असा वेडेपणाही सहज ठरून जातो.

भागीरथी भाताचे घास चमच्यानं गोळा करत ऐकत होती. सोसलं तर प्रश्नच नाही. हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तिच्यासमोर सरळ मांडलेलं होतं: हात फाटले तर अंगाला सोसलं नाही, हात धड राहिले तर सोसलं. मग या कामाला योग्य हात कुणाचे? तिला पुढं विचार करायचा नव्हता, पण विचार काही थांबला नाही. तीन वर्षं वाती वळून ज्या बाईच्या नखालाही काही झालं नाही ती बाई या घराला मिळाली होती. आणि या घरानं तिला मनात खोट म्हणून बाहेर बसवलं आणि माझ्या ओटीत लुगडं घातलं.

वाणीबद्दल तिला कधी वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण त्या वाईट वाटण्यात एक गोडवाही होता, हे आता तिला स्वतःशी कबूल करावं लागत होतं. शिकलेली, देखणी, गाणारी जाऊ. आणि मान मात्र आपल्याला. मन्नारगुडीच्या पोरीला एवढं तरी असावं की नाही?

रथसप्तमी उजाडली. अंगणात सूर्याला दूध उतू घालून झालं. परसातली चूल पहाटेच पेटली होती. व्यंकोजींनी जिन्नस दळून, पाणी घालून, लाकडी दांड्यानं ढवळून लगदा केला होता. म्हणजे हातानं कालवायचं तेवढं तरी वाचलं, आणि ते त्यांनी आपण होऊन केलं, हे त्यांच्या नावावर मांडायला हवं. नऊच्या सुमाराला वाणी आली. पांढऱ्या केसांची, ताठ, हातात केळीच्या पानात बांधलेली जास्वंदाची फुलं. दरवर्षीसारखी तिण्णैवर बसली. भागीरथीनं तिला पाणी दिलं. दोघी पावसापाण्याचं बोलल्या. मग भागीरथी परसात गेली.

दुपार कलायला लागली तशी उरळीतला फेस बदलला. पाणी आटत आलं. आता वात बघायची वेळ. कवितानं आधी रबरी हातमोजे चढवून पाहिलं. मोज्यातून मऊ काय आणि कोरडं काय ते कळेना, आणि बघता बघता मोज्याचं एक बोट उरळीच्या काठाला लागून वितळलं. व्यंकोजी हसले, कविताही हसली. मग तिनं मोजे काढून टाकले, बांगड्या वर सारल्या, पदर खोचला आणि पळीतला लगदा घ्यायला उजवा हात पुढं केला. स्वच्छ, खडूनं किंचित रुक्ष झालेला, कुठंही चरा नसलेला हात.

त्याच हाताला भेग पडावी म्हणून आपण साडी आणून ठेवली आहे, हे भागीरथीला तेव्हा नीट दिसलं. तिला स्वतःची शिसारी आली.

तिनं कविताचं मनगट धरलं. भेगांमधून कळ गेली, पण सोडलं नाही. म्हणाली, "तू नको."

व्यंकोजी म्हणाले, अगं तेल करपेल. ते खरंच होतं. फेस बसत चालला होता आणि विचार करायला वेळ नव्हता. भागीरथी म्हणाली, करपू देत नाही, लाकडं मागं ओढा. आणि ती घरातून चालत, जवळजवळ धावत, पुढच्या दारी आली. वाणी तिण्णैच्या खांबाला टेकून पेंगत होती.

"अक्का, आत या. वात वळायचीय."

वाणीनं डोळे उघडले. आपण नीट ऐकलं की नाही अशा नजरेनं बघत राहिली. मग म्हणाली की माझं काय काम तिथं, सून आहे की तुझी. भागीरथीला नीट सांगता येईना. डॉक्टर, पाठीवरच्या पट्ट्या, गोत्र, सगळं एकात एक गुंतून तोंडातून बाहेर पडलं. शेवटी ती एवढंच म्हणाली की आमचे हात फाटत होते ते तेल सोसत नव्हतं म्हणून. तुमचे फाटले नाहीत, कारण तुम्हाला सोसत होतं. या घरात वात वळायला लायक हात एकट्या तुमचे होते, अक्का, आणि आम्ही सगळं उलटं वाचलं.

वाणी उठली. उठायला तिला वेळ लागला. गुडघे तिचेही कुरकुरत होते. स्वयंपाकघर ओलांडून ती परसात आली तेव्हा व्यंकोजी चुलीपाशी उभे होते. क्षणभर ते अडखळले, मग बाजूला झाले आणि म्हणाले, या वहिनी. इतक्या वर्षांत परसातल्या चुलीपाशी त्यांनी तिला या म्हटलं नव्हतं.

वाणीनं पळीतला चिमूटभर लगदा उचलून बोटांवर घेतला. वळला. चिकटला. पुसून टाकला. थोड्या वेळानं पुन्हा घेतला. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. बोटांना सगळं ठाऊक होतं. कविता शेजारी उकिडवी बसून बघत होती आणि वाणी तिला हळू आवाजात सांगत होती की ही बघ, अजून तुटते आहे, तुटायची थांबली की मग. एकदा ती वात तिनं चुलीच्या जाळावर धरली, तर तडतडली. पाणी आहे अजून, म्हणाली. पुन्हा पुन्हा वळत राहिली. आणि मग तिनं बोटं वर केली. बोटांमध्ये एक बारीक, सरळ, मऊ वात होती. जाळावर धरली तशी मुकाट्यानं जळली.

"उतरवा," वाणी म्हणाली.

व्यंकोजी आणि कवितानं उरळी फडक्यांनी धरून उतरवली. वासानं परस भरून गेलं. तेल सोन्यासारखं नितळ झालं होतं. व्यंकोजी वाकून त्याच्याकडे बघत राहिले, बहुधा वर बघायचं नव्हतं म्हणून. भागीरथी दाराशी उभी होती. तिला म्हणायचं होतं की चुकलं, पण हा शब्द फार छोटा वाटत होता, आणि चूक काही तिची एकटीची नव्हती, आणि तरी लुगडं तिनंच घेतलं होतं.

वाणी चुलीपाशीच बसून होती. लगद्यानं माखलेले तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होती. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारात काय भाव होता ते सांगावं तसा.

"तिसऱ्या वर्षी मी तळवे विटेनं घासले होते, भागू. न्हाणीत बसून, रक्त येईतो. फाटावेत म्हणून. आत्याबाईंनी ओळखलं."

 सरोजाबाईंनी म्हटलेलं, मनात खोट आहे, ती ही खोट. भागीरथीच्या डोळ्यांपुढं ती शिकलेली, देखणी जाऊ आली, न्हाणीचं दार लावून विटेच्या तुकड्यानं स्वतःचे धड हात सोलणारी. आणि त्याच वर्षानंतर आपण आलो, चार दिवसांत फाटलो, आणि हिनं आपल्या पुरणपोळ्या लाटल्या. वण राहिलेल्या त्या हातांनी लाटल्या.  त्या दिवशी आपण हिच्या हातांकडे पाहिलंही नाही.

भागीरथी पुढं धावली आणि खाली बसून वाणीचे हात धरायला गेली. वाणीनं झटकन दोन्ही हात वर केले आणि मागं सरकली.

"अंहं. मला लागलंय ते तुला लागेल. दूर राहा, आधी धुवून येते."

ती नळाशी गेली. कवितानं साबण आणून दिला. वाणीनं कोपरापर्यंत हात धुतले, नखांमध्ये घासले, नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा धुतले. भागीरथी जागची न हलता तिच्या पाठीकडे बघत रडत होती, आणि कुणी बघतंय याची तिला पर्वा नव्हती. वाणीनं तिसऱ्यांदा साबण मागितला. मग पदराला हात कोरडे करून ती आली, भागीरथीच्या समोर बसली, आणि तिचे फाटके तळवे अलगद आपल्या हातांत घेतले.